पुडीत बांधलेले बेदाणे

पत्र :

नमस्कार,
माझी मुलगी शिकायला बाहेर असते, हॉस्टेलवर राहते. महिन्यातून एकदा मी तिला घरून काहीतरी करून पाठवते. चॉकलेट म्हणजे तिचा जीव की प्राण. अभ्यासाच्या दिवसांत पोटात काही सत्त्वाचंही जावं, म्हणून सुका मेवा घालून चॉकलेट कुकीज करायचं ठरवलं. तीन वेळा केल्या. पहिल्यांदा त्या ट्रेभर पसरल्या आणि एकमेकींना चिकटून एकच चादर झाली. म्हणून दुसऱ्यांदा मैदा वाढवला, आणि आधीच्या फार गोड वाटल्या होत्या म्हणून साखर निम्मी केली, तर कोरड्याठाक झाल्या, हातात घेतल्या की भुगा. तिसऱ्यांदा चॉकलेट वितळवतानाच त्याचा घट्ट गोळा झाला. टाकवेना, म्हणून तसाच घातला. वरचे बेदाणे जळून कडू झाले, आतले अक्रोड मात्र मऊ पडले. तरीही पाठवल्या. 'छान होत्या गं आई,' असं ती फोनवर म्हणाली. सुट्टीत आली तेव्हा तिच्या बॅगेतून डबा निघाला. तळाला चुरा, आणि एका कागदाच्या पुडीत सगळे बेदाणे वेचून बाजूला ठेवलेले. तिला काही बोलले नाही, पण मन खट्टू झालं. पुढच्या महिन्यात तिची परीक्षा आहे. माझ्या हातात बेकिंग नाहीच असं समजून सोडून देऊ, की काय चुकतंय ते तुम्ही सांगाल?
– एक आई

उत्तर :

प्रिय ताई,

सोडून मुळीच देऊ नका. तीन वेळा तीन वेगवेगळ्या गोष्टी बिघडल्या आणि तुम्ही दर वेळी मागची चूक सुधारायला गेलात. ज्याच्या हातात काही नसतं तो असं करत नाही. तो पहिल्या घाण्यानंतरच ट्रे घासून ठेवून देतो.

तुमच्या पत्रातली ती पुडी माझ्या मनातून जात नाही. लेकीने बेदाणे टाकून दिले नाहीत, कागदात बांधून ठेवले. मला तरी त्यात माया दिसते. आणि स्वयंपाकाच्या बाजूने बघितलं तर तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर त्या पुडीतच आहे. ते बेदाणे खड्यासारखे कडक झाले असणार. त्यातला एक दाताखाली धरून पाहिला असतात तर तुमच्याही लक्षात आलं असतं.

ताज्या द्राक्षात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. त्याचा बेदाणा होतो तेव्हा त्यात जेमतेम १५ टक्के पाणी असतं. असा तहानलेला बेदाणा तुम्ही पिठात टाकता तेव्हा तो आजूबाजूचं पाणी ओढायला लागतो. पिठात मुळात पाणी असतं किती? एका अंड्यातलं आणि लोण्यातलं, बस. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १६-१७ टक्के पाणी असतं. तेवढ्यावर मैदाही टपलेला, कोकोही टपलेला आणि वर हा मेवा. मैदा वाढवल्यावर तुमच्या दुसऱ्या घाण्याचा भुगा झाला तो यामुळेच. पिणारे वाढले, पाणी तेवढंच राहिलं.

मेवा घातलेली चॉकलेट कुकी म्हणजे पाण्याचा आणि स्निग्धांशाचा हिशेब आहे. मेवा, अक्रोड, चॉकलेट यांना आपण 'वरून घालायच्या वस्तू' समजतो आणि सगळं लक्ष पिठाकडे देतो. खरं तर पिठात जाण्यापूर्वी यातल्या प्रत्येकाची वेगळी तयारी लागते. ती झाली की पीठ अगदी साधं असलं तरी चालतं.

आधी मेवा

बेदाणे, मनुका, क्रॅनबेरी, सुक्या चेरी, जर्दाळू, अंजीर यांपैकी काहीही घ्या, पण कोरडं घालू नका. मोठी फळं बेदाण्याएवढी कापा, वाडग्यात घाला आणि वरून गरम पाणी किंवा संत्र्याचा रस बुडेल इतका ओता. उकळता नको, बोटाला सोसेल इतका गरम. २० मिनिटं पुरे. बेदाणे टपोरे दिसायला लागतात, पण दाबले तर फुटत नाहीत, तिथे थांबा. रात्रभर भिजवायचा मोह टाळा, कारण लगदा झालेलं फळ उलट पाणी सोडतं आणि तुम्हाला तर डबा लांब पाठवायचाय. ओल राहिली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी धरेल.

मग निथळून घ्या आणि स्वच्छ सुती फडक्यावर पसरून वरून दुसरं फडकं दाबा. हे काम निगुतीने करा. दाबल्यावर फडक्याला ओला डाग पडतोय तोवर फळ पिठात जायला तयार नाही. मी साधारण अर्धा तास तसंच पसरून ठेवते. वरून कोरडं आणि आतून मऊ असं फळ भाजताना पिठाचं पाणी ओढत नाही, आणि चार दिवसांनीही चावताना मऊ लागतं.

बेदाणे जळाले ते मात्र वेगळ्या कारणाने. कुकीच्या आत पिठाच्या ओलाव्यामुळे तापमान १०० अंशांच्या वर सहसा चढत नाही. पण जो बेदाणा वर डोकं काढून बसलाय त्याला थेट १७५ अंशांची कोरडी हवा लागते, आणि तो जवळजवळ नुसती साखरच आहे. करपणारच. म्हणून गोळा वळून झाला की वर दिसणारे बेदाणे बोटाने आत दाबा आणि त्यावर पीठ ओढून घ्या. दिसायला छान म्हणून वर काही हवंच असेल तर चॉकलेटचा तुकडा नाहीतर पिस्त्याचे काप लावा. फळ आतच राहू द्या.

फळ कोणतं घालायचं याबद्दल माझं ठाम मत आहे. गडद चॉकलेटबरोबर आंबट फळ हवं. सुक्या चेरी, क्रॅनबेरी आणि आंबटगोड जर्दाळू यांनी चॉकलेटची चव उठून दिसते. बेदाणे आणि खजूर यांची गोडी साखरेवर साखर होऊन बसते. अंजीर मला आवडतं ते त्याच्या बियांसाठी, मऊ कुकीत त्या बारीक कचकचतात. पण माझ्या आवडीला इथे किंमत नाही. लेकीला एकदा सरळ विचारा. न रागावता, न दुखावता, 'बेदाणे आवडत नाहीत का गं तुला?' एवढंच. कदाचित ते फक्त कडक होते म्हणून तिने बाजूला काढले असतील, कदाचित लहानपणापासून नकोच असतील आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती बोलली नसेल. खाणाऱ्याने फळ निवडावं, करणाऱ्याने ते नीट भिजवावं.

तेव्हाच आणखी एक विचारून घ्या. तिच्या खोलीत राहणाऱ्या किंवा डबा उघडल्यावर हात घालणाऱ्या मैत्रिणींपैकी कुणाला अक्रोड-बदामाची ॲलर्जी आहे का? ही ॲलर्जी कधीकधी जिवावर बेतते, आणि चॉकलेटी पिठात अक्रोडाचा कण डोळ्यांना दिसत नाही. कुणाला असेल तर भोपळ्याच्या बिया भाजून घाला. सूर्यफुलाच्या बियाही चालतात, पण सोडा घातलेल्या पिठात त्या कधीकधी हिरव्या पडतात. बियांमधल्या क्लोरोजेनिक ॲसिडचा सोड्याशी संबंध येऊन असं होतं. खायला काही अपाय नाही, पण माहीत नसेल तर दचकायला होतं.

अक्रोड-बदाम

तुमचे अक्रोड मऊ का पडले ते आता ओळखलं असेल. पिठाच्या आत १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणजे आत अक्रोड भाजला जात नाही, वाफवला जातो. म्हणून तो आधीच भाजून घ्यायचा.

ओव्हन १६५ अंशांवर ठेवा, अक्रोड ट्रेमध्ये एका थरात पसरा आणि ८ ते १० मिनिटं भाजा. अख्खे बदाम असतील तर १०-१२, पिस्ते ५-६ मिनिटांत होतात. घड्याळ नुसतं आधाराला. खरी खूण वासाची. पहिली ५-६ मिनिटं काहीच जाणवत नाही, मग एकदम स्वयंपाकघरभर खमंग वास सुटतो. तिथून पुढे ओव्हनपाशीच उभं राहायचं, कारण खमंग आणि करपलेलं यांत एखाद्या मिनिटाचं अंतर असतं. एक अक्रोड बाहेर काढून गार होऊ द्या आणि मोडा. कट्‌कन आवाज आला आणि आतला गर फिक्या पिवळ्याचा किंचित तांबूस झालेला दिसला की झालं. गरम असताना मोडून बघू नका, गरम अक्रोड नेहमी मऊच लागतो आणि आपण फसून जास्त भाजतो.

गरमागरम अक्रोड फडक्यात घेऊन हलके चोळले की बरीचशी सालं सुटतात. अक्रोडाचा तुरटपणा मुख्यतः त्या सालात असतो. सगळी निघाली पाहिजेत असं नाही. हेझलनट वापरत असाल तर मात्र चिकाटीने चोळा, त्यांची सालं जास्त कडवट असतात. चिरायचं ते भाजून आणि पूर्ण गार करून, आधी नाही. आधी चिरलं तर बारीक कण करपतात. चिरल्यावर चाळणीत घालून भुगा वेगळा काढा. तो पिठात गेला तर मैद्यासारखाच वागतो, कुकी कोरडी करतो.

भाजण्याआधी मात्र एक अक्रोड चाखा. दर वेळी, प्रत्येक पाकिटातला. अक्रोडाचं तेल लवकर खवट होतं, आणि वासावरून ते नेहमीच कळत नाही. एकदा मी घाईत न चाखता ४० कुकीजमध्ये अक्रोड घातले. चॉकलेट उत्तम, लोणी ताजं, फळ छान फुललेलं, आणि पहिल्या घासानंतर जिभेवर जुन्या तेलाची चव राहिली. त्या चाळीसच्या चाळीस टाकून द्याव्या लागल्या. तेव्हापासून अक्रोड हवाबंद डब्यात घालून फ्रीझरमध्येच ठेवते.

चॉकलेट

तुमचं चॉकलेट बिघडलं ते बहुतेक थेंबभर पाण्याने. चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसतंच. साखरेचे आणि कोकोचे अतिसूक्ष्म कण कोको बटरमध्ये तरंगत असतात. त्यात ओल्या चमच्याचं, वाफेचं किंवा झाकणावरून ओघळलेलं पाणी पडलं की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळ्याचा खरखरीत गोळा होतो. असं झालं तर त्यात चमचा-चमचा गरम दूध घालत ढवळत राहा, ते पुन्हा सैल होतं. पण मग ते सॉस म्हणून वापरा, दुधात घालून प्या. कुकीच्या पिठात घालू नका, कारण आपला पाण्याचा हिशेब त्याने पार कोलमडतो. तुमचा तिसरा घाणा मुळात इथे बिनसला.

पुढच्या वेळी भांडं, सुरी, चमचा सगळं कोरडं पुसून घ्या. चॉकलेट बारीक चिरा. पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करा, उकळी फुटू देऊ नका, गॅस बंद करा आणि त्यावर चॉकलेटचं वाडगं असं ठेवा की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. वाडगं पातेल्यापेक्षा रुंद हवं, म्हणजे कडेने येणारी वाफ आत शिरत नाही. झाकण नको. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षाही कमी. त्याला फार आच लागतच नाही. तीनचतुर्थांश वितळलं की वाडगं उचलून खाली घ्या आणि नुसतं ढवळा, उरलेलं आपोआप विरघळतं. मग ते कोमट होईपर्यंत थांबा. बोट बुडवलं तर ना गरम, ना गार असं लागलं पाहिजे. गरम चॉकलेट लोण्यात ओतलं तर लोणी वितळतं आणि कुकीज पुन्हा ट्रेभर पळतात.

स्लॅब कोणता वापरलात ते तुम्ही लिहिलं नाही. वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा. घटकांत कोको बटर असेल तर ते चॉकलेट. त्याऐवजी वनस्पती तेल किंवा हायड्रोजनेटेड फॅट लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड. कंपाउंड सजावटीला सोयीचं असतं, पण जिथे सगळी चव चॉकलेटवर अवलंबून आहे तिथे ते जिभेवर मेणासारखं राहतं. ५५ ते ७० टक्क्यांचं डार्क चॉकलेट घ्या. हा आकडा कोकोपासून आलेल्या सगळ्या भागाचा असतो, उरलेली बहुतेक साखर. ७० टक्क्यांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३० ग्रॅम साखर, ५५ टक्क्यांच्यात ४५ च्या आसपास.

गोडी कमी करायचा खरा मार्ग हा आहे. पिठातली साखर निम्मी करू नका. साखर फक्त गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते, मैद्याला चिवट होऊ देत नाही, ओव्हनमध्ये विरघळून पीठ थोडं सैल करते आणि कडेला कुरकुरीतपणा देते. ती निम्मी केलीत म्हणून कुकी पसरलीही नाही आणि मऊही राहिली नाही. फार तर १५ टक्के कमी करा, आणि बाकीची गोडी चॉकलेट गडद घेऊन, फळ आंबट घेऊन उतरवा. मीठ विसरू नका, मिठाशिवाय चॉकलेट मुकं लागतं.

आता पीठ

यात फारसं काही नाही, फक्त वजनकाटा घ्या. कपाने मोजलेला मैदा कधी १२० ग्रॅम भरतो, कधी दाबून भरला तर १५० च्याही वर जातो. अंदाजपंचे काम इथे चालत नाही.

लोणी ११५ ग्रॅम, बिनमिठाचं. ब्राऊन शुगर १३० ग्रॅम, साधी बारीक साखर ५० ग्रॅम. अंडं एक, नेहमीच्या आकाराचं. मैदा १७० ग्रॅम, कोको पावडर २५ ग्रॅम, खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा. डार्क चॉकलेट १०० ग्रॅम वितळवून आणि ८० ग्रॅम जाडसर चिरून. मेवा १०० ग्रॅम, भिजवण्याआधीचं वजन. भाजलेले अक्रोड किंवा बदाम १०० ग्रॅम. चाळीस-चाळीस ग्रॅमचे २३ गोळे होतात, कधी एखादा जास्त.

ब्राऊन शुगर मुद्दाम जास्त आहे. तिच्यात काकवी असते, ती ओलावा धरते, आणि तुमच्या कुकीजना पोचेपर्यंत मऊ राहायचंय. कोकोचा डबा बघून घ्या. त्यावर डच-प्रोसेस्ड किंवा अल्कलाइज्ड लिहिलेलं असेल तर त्याची आम्लता आधीच घालवलेली असते. १९व्या शतकात नेदरलँड्समधल्या कोनराड व्हान हौटेन यांनी ही पद्धत काढली, रंग गडद आणि चव सौम्य होते ती त्यामुळे. सोड्याला मात्र फुलायला आम्ल लागतं, म्हणून अशा कोकोबरोबर सोड्याऐवजी एक छोटा चमचा बेकिंग पावडर घाला. साध्या कोकोला सोडाच बरा.

पहिल्या घाण्यातल्या कुकीज पसरल्या त्या बहुधा लोण्यामुळे. ते वितळलेलं किंवा फार मऊ होतं का? बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट आत घुसू नये, इतपत मऊ हवं. ते दोन्ही साखरांबरोबर २-३ मिनिटं फेटा, रंग थोडा उजळेपर्यंतच. अंडं फ्रिजमधून आधी काढून ठेवलेलं असू दे, ते घालून एकजीव करा. मग कोमट चॉकलेट. मैदा, कोको, सोडा, मीठ एकत्र चाळून घाला आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. शेवटी फळ, अक्रोड आणि चॉकलेटचे तुकडे घालून लाकडी चमच्याने खालून वर घ्या. अंडं चालत नसेल तर एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात १० मिनिटं भिजवून घाला, कुकी थोडी जड होते इतकंच.

पीठ आता सैलसर दिसेल. घाबरून मैदा घालू नका! वितळलेलं चॉकलेट गार होताना ते आपोआप घट्ट होतं. लगेच गोळे वळा, ताटात मांडा, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. निदान दोन तास, रात्रभर ठेवलेत तर उत्तम. तेवढ्या वेळात मैदा पाणी नीट पितो, लोणी घट्ट होतं आणि चव मुरते. गोळे आधी वळायचे ते अशासाठी की रात्रभर गार झालेल्या पिठाचा दगड होतो आणि मग मनगटाचे हाल होतात.

ओव्हन १७५ अंशांवर निदान १५-२० मिनिटं आधी लावा. पंख्याचा असेल तर १६० पुरे. बटण एक आकडा दाखवतं आणि आत वेगळीच आच असते, असं घरगुती ओव्हनमध्ये फार होतं. म्हणून आत टांगायचा छोटा थर्मामीटर मिळाला तर जरूर घ्या. ट्रेवर बटर पेपर घालून गोळ्यांमध्ये तीन बोटं अंतर ठेवा, आणि दुसरा घाणा गरम ट्रेवर कधीच मांडू नका. तळाचं लोणी ओव्हनमध्ये जाण्याआधीच सुटायला लागतं.

चॉकलेट कुकी झाली की नाही हे रंगावरून कळत नाही, ती आधीपासूनच काळीसावळी. ११ मिनिटांनी बघा. कडांची चमक गेलेली, पृष्ठभागावर बारीक भेगा, आणि मधला भाग अजून ओलसर चमकणारा. कडेला बोटाने हलकं टेकवलं तर ती धरते, मध्ये टेकवलं तर खळगा पडतो. हीच वेळ. मन म्हणेल, कच्ची आहे, अजून दोन मिनिटं ठेवू. ठेवू नका. ट्रे बाहेर काढल्यावरही त्याच्या उष्णतेत ती शिजत राहते. ट्रेवरच पाच-सात मिनिटं राहू द्या, आधी उचलाल तर मोडेल, मग जाळीवर काढा.

डबा

कुकीज जाळीवर पूर्ण गार होईपर्यंत डबा बंद करायचा नाही. तासभर तरी लागतो. कोमट कुकीची वाफ डब्यात अडकते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या दमट होतात. दोन-दोन कुकीज पाठीला पाठ लावून बटर पेपरमध्ये गुंडाळा आणि उभ्या रचा. आडव्या थप्पीत तळाच्यांवर सगळा भार येतो, उभ्या असल्या की धक्का वाटला जातो. डबा असा निवडा की तो भरून जाईल, आणि उरलेल्या फटींत चुरगाळलेला बटर पेपर कोंबा. बंद डबा हलवून पाहा, खुडखुड ऐकू आली तर अजून कागद हवा. यात दुसरी कुरकुरीत बिस्किटं घालू नका, ती मऊ कुकीजचा ओलावा घेऊन मऊ पडतात.

चांगल्या बंद डब्यात या कुकीज पाच-सहा दिवस छान राहतात. हवा गरम असेल तर वाटेत आतलं चॉकलेट वितळून पुन्हा घट्ट होईल आणि त्यावर पांढुरकी झाक येईल. ते कोको बटर वर आलेलं असतं, बुरशी नव्हे. लेकीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती बिचारी चांगल्या कुकीज टाकून देईल. फार उष्मा असेल त्या दिवसांत चिरलेले ८० ग्रॅम तुकडे वगळून त्याऐवजी तेवढेच अक्रोड वाढवा. आणि खोलीवर कुणी मांजर-कुत्रा पाळला असेल तर डबा उंचावर ठेवायला सांगा. चॉकलेट दोघांनाही विषारी, आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात.

परीक्षेला अजून महिना आहे ना? मग असं करा. या आठवड्यात पीठ करून सगळे गोळे फ्रीझरमध्ये ठेवा. आधी ताटात सुटे कडक होऊ द्या, मग पिशवीत भरा, दोन महिने सहज टिकतात. त्यातले फक्त चार काढा आणि गोठलेलेच भाजा, वेळ एक-दोन मिनिटं वाढवून. तुमचा ओव्हन कसा वागतो ते या चारांवरून कळेल. एक मधोमध मोडा. कड जरा कट्‌ म्हणाली, मध्य वाकून मग तुटला आणि आतली चेरी मऊ, चकचकीत दिसली, तर तो वेळ कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. पसरल्या असतील तर पुढचे चार १० अंश जास्त आचेवर करून बघा. उंच आणि कोरड्या राहिल्या असतील तर एक मिनिट आधी काढा. उरलेल्या तीनपैकी दोन बंद डब्यात ठेवून चौथ्या दिवशी खा, कारण लेकीला त्या तशाच मिळणार आहेत.

बाकीचे गोळे डबा पाठवायच्या आदल्या संध्याकाळी भाजा. दोन-चार मागे ठेवा. सुट्टीत ती घरी येईल तेव्हा ते ओव्हनमध्ये घाला आणि एक तिच्यासमोर गरम असतानाच मोडा. बेदाण्यांबद्दल विचारायचं राहून गेलं असेल तर तेव्हा विचारा.

तुमची,
ताई